स्ट्रोकनंतर हातपाय सुधारतात, पण माणूस गप्प का होतो?

पानगळ

बाबांना स्ट्रोक येऊन परवा ७ महिने झाले. मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी झाली होती, त्यामुळे डावा हात-पाय पार गेला होता. आता काठी घेऊन घरातल्या घरात चालतात, मूठ वळते, बोलणं जरा जड आहे पण कळतं. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, थोडक्यात निभावलं. खरंच निभावलं. म्हणूनच पुढचं लिहायला एवढे दिवस घेतले.

बाबांना घड्याळं दुरुस्त करायची भारी हौस. भिंग, चिमटा, बारीक पेचकस असा सगळा संसार एका डब्यात असायचा. ओळखीपाळखीची सगळी बंद घड्याळं आमच्याकडे येत. आता आमच्याच बाहेरच्या खोलीतलं घड्याळ ३ आठवड्यांपूर्वी बंद पडलं. बाबा दिवसभर त्याच्या समोरच्या खुर्चीत बसलेले असतात. उजवा हात शाबूत आहे, नजर तिकडेच असते, पण 'सेल संपला का बघ गं' एवढंसुद्धा म्हणाले नाहीत. ते काही बोलतात का ते बघायला मी मुद्दाम सेल बदललेला नाही.

दुसरी गोष्ट रडण्याची. आत्या आली, "कसा आहेस रे?" एवढंच म्हणाली आणि बाबांचा चेहरा एकदम आक्रसला, हुंदक्यावर हुंदके. आत्याही रडायला लागली. दोन मिनिटांत सगळं थांबलं. ती गेल्यावर बाबा मला म्हणाले, "मला वाईट नव्हतं वाटत गं. आपोआप झालं." एकदा कोणाच्या तरी निधनाची बातमी सांगत असताना ते हसायला लागले, हसू थांबेचना. त्या दिवसापासून कोणी येणार म्हटलं की आत जाऊन पडतात.

हॉस्पिटलमधून सोडताना दिलेल्या कागदावर बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, फिजिओ सगळं होतं. मनाबद्दल एक ओळ नव्हती. पुढच्या तपासणीला मी विचारलं तर "एवढं मोठं आजारपण, वाईट वाटणारच" असं उत्तर मिळालं आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं. फिजिओच्या वहीत 'सहकार्य कमी' असा शेरा आहे. काका म्हणतात मनाचा निग्रह पाहिजे.

हे डिप्रेशन आहे की मेंदूला झालेली इजा आहे, की बाबा आमच्यावर रुसलेत? घरात कोणी या वाटेने गेलं असेल तर कृपया लिहा.

केवड्याचं_पान

वाचतेय. सासूबाईंच्या वेळी आम्ही 'आळशी झाल्या' म्हणत वर्ष घालवलं. आता फार टोचतं ते.

शतपावली

पानगळ ताई, मी मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि स्ट्रोकचे पेशंट बरेच बघते. न तपासता निदान करता येत नाही, पण तुमच्या वर्णनात मला एक नाही, निदान दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. बाहेरून त्या सारख्या वाटतात, उपाय मात्र वेगळे आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी रडण्याचं. अचानक येणारं, किरकोळ कारणाने सुरू होणारं, आवरता न येणारं आणि आलं तसं निघून जाणारं रडणं किंवा हसणं म्हणजे दुःख नव्हे. भावना व्यक्त करण्यावर मेंदूचा जो लगाम असतो तो स्ट्रोकमुळे सैल पडतो. याला स्यूडोबल्बर अफेक्ट किंवा इमोशनॅलिझम म्हणतात. पहिल्या काही महिन्यांत साधारण ५ पैकी एका पेशंटला हा त्रास होतो. तुमच्या बाबांनी 'आपोआप झालं' म्हणून स्वतःच निदान सांगितलंय. अशा वेळी जवळ घेऊन 'रडू नका' म्हणत समजूत काढली की उलट वाढतं. शांतपणे विषय बदलायचा, पाणी पुढे करायचं, खुर्चीत बसायची पद्धत बदलायला सांगायचं. आणि येणाऱ्याला दारातच सांगून ठेवायचं की मध्येच रडू आलं तर घाबरू नका, बोलणं चालू ठेवा. लाज कमी झाली की माणूस पुन्हा बाहेर येऊन बसतो. फार वारंवार होत असेल तर डिप्रेशनच्याच गटातल्या गोळ्यांचा उपयोग होतो, बरेचदा लवकर होतो.

आता घड्याळाचं. तुम्ही त्यांना विचारलंय का की 'बाबा, तुम्हाला उदास वाटतं का?' आणि ते काय म्हणाले?

पानगळ

विचारलं. "नाही. का?" म्हणाले. चेहऱ्यावर काहीच नाही. आवाजही सपाट. मला वाटलं लपवतायत.

शतपावली

लपवत असतील किंवा नसतील. दोन शक्यता सांगते.

उजव्या मेंदूच्या स्ट्रोकनंतर काही जणांच्या आवाजातले चढउतार आणि चेहऱ्यावरचे हावभावच जातात. आतून वाईट वाटत असलं तरी आवाज सपाट आणि आतून बरं वाटत असलं तरीही सपाट. म्हणून अशा माणसाच्या तोंडाकडे बघून अंदाज बांधायचा नाही. झोप, भूक, 'माझ्यामुळे तुम्हाला त्रास' असली वाक्यं, पहाटे लवकर जाग येऊन पडून राहणं, पूर्वी आवडायचं ते समोर आणून दिल्यावर तरी बरं वाटतं का, हे बघायचं.

दुसरी शक्यता ॲपथी, म्हणजे आतून सुरुवातच न होणं. डिप्रेशनमध्ये माणसाला यातना होतात, अपराधी वाटतं, आशा संपते. ॲपथीत यातना नसतात, पुढाकाराचं बटणच दाबलं जात नाही. त्रास होतो तो घरच्यांना. ही स्ट्रोकच्या साधारण एक तृतीयांश पेशंटमध्ये दिसते. डिप्रेशनचं प्रमाणही तेवढंच, कुठल्याही वेळी तपासलं तरी ३ पैकी साधारण एकाला. दोन्ही एकत्रही असतात. रुसवा किंवा निग्रहाचा अभाव यातलं काही नाही, हे काकांना जरूर सांगा.

भेटीला जाताना सोडियम, थायरॉइड, बी-१२ या तपासण्या झाल्यात का ते बघा, आणि रात्री घोरताना मध्येच श्वास अडकतो का तेही. स्ट्रोकनंतर झोपेतला श्वासाचा विकार फार जणांना असतो आणि दिवसभरची मरगळ कधी कधी तिथूनच येते.

अबोल_साथ

आमच्या यजमानांची डावी बाजू मेंदूची, म्हणजे वाचा गेली. स्ट्रोकनंतर त्यांच्याकडे एकच शब्द उरला, 'हो'. तहान लागली तरी हो, नको असलं तरी हो. तपासणीला विचारलं, "मन उदास वाटतं का?" हे म्हणाले, हो. लगेच विचारलं, "पण तसे मजेत ना?" हे म्हणाले, हो. कागदावर लिहिलं गेलं, मनःस्थिती ठीक.

घरी काय चाललं होतं ते मी बघत होते. फोन वाजला की हे भिंतीकडे तोंड करायचे. पूर्वी फोन आधी उचलणारा माणूस! नातू खोलीत आला की डोळे मिटून घ्यायचे, झोपलेले नसतानासुद्धा. रात्री तीन-तीनदा उठून बसायचे.

शेवटी स्पीच थेरपीच्या बाई म्हणाल्या की वाचा गेलेल्यांसाठी वेगळी प्रश्नावली असते आणि ती पेशंटने नाही, जवळच्या माणसाने भरायची असते. रडू येतं का, नजर टाळतात का, रात्री अस्वस्थ असतात का, काही न करता बसून राहतात का, लोकांत मिसळायला नकार देतात का, असे साधे प्रश्न. ती भरताना माझा हात थरथरत होता, कारण जवळजवळ सगळ्याला उत्तर 'नेहमी' होतं. त्या कागदावर उपचार सुरू झाले. शब्द आता ३०-४० आहेत, आणि फोन वाजला की भिंतीकडे वळत नाहीत, माझ्याकडे बघतात.

ज्यांच्या घरी वाचा गेलेला माणूस आहे त्यांनी हे मागून घ्याच. 'बोलता येत नाही तर कसं कळणार' हे उत्तर मान्य करू नका.

शतपावली

अबोल_साथ ताई, अगदी बरोबर. तिचं नाव स्ट्रोक अफेजिक डिप्रेशन क्वेश्चनेअर, सॅड-क्यू म्हणतात. बोलता येणाऱ्यांसाठी पीएचक्यू-९ नावाचा ९ प्रश्नांचा फॉर्म पुष्कळ ठिकाणी वापरतात, पाच मिनिटांचं काम.

दुसरा_डाव

मी पेशंट म्हणून लिहितो. वय ४४, दीड वर्षापूर्वी स्ट्रोक. झोपेत आला. रात्री चांगला झोपलो, सकाळी उठलो तर उजवा हात माझा नव्हता.

त्यामुळे मला भीती बसली ती झोपेची. पहिले चार महिने मी रात्री तीन वाजता उठून अंधारात मोबाइलचा समोरचा कॅमेरा लावायचो आणि स्वतःकडे बघून हसायचो. तोंड वाकडं होतंय का ते बघायला. मग दोन्ही हात वर धरून दहापर्यंत मोजायचो. मग स्वतःचं नाव आणि पत्ता पुटपुटायचो. हे सगळं बायको उठू नये म्हणून बाथरूममध्ये. हात मुंगावला की काळजात धस्स व्हायचं. बीपी दिवसातून पंधरा वेळा मोजायचो, आणि मोजण्याच्या भीतीनेच ते चढायचं.

सगळे माझं डिप्रेशन शोधत होते. मी उदास नव्हतोच, मी घाबरलेला होतो. मोठ्या अपघातातून वाचलेल्यांना होतो तो पीटीएसडी स्ट्रोकनंतरही होतो, हे मला पुढे समुपदेशकांकडून कळलं. पहिल्या वर्षात ४ पैकी साधारण एकाला तशी लक्षणं असतात म्हणे. त्यांनी मोजणं एकदम बंद करायला नाही लावलं. पंधरावरून आठ, आठवरून तीन, आता ठरलेल्या वेळी एकदा. कॅमेरा सुटायला सर्वात जास्त वेळ लागला.

आणि थकवा. कृपया कोणी 'पण तुम्ही तर बरे दिसता' म्हणू नका. निम्म्याच्या आसपास पेशंटना हा थकवा येतो आणि झोप काढून तो जात नाही. दोन माणसं एकाच वेळी बोलायला लागली की अर्ध्या तासात माझा मेंदू बंद पडतो. पानगळ, तुमचे बाबा पाहुणे आले की आत जातात ते लाजेने असेल, पण आवाजाच्या कलकलाटानेही असेल. एका वेळी एकच माणूस भेटायला ठेवून बघा.

मार्गस्थ

सर्वांचा अनुभव मोलाचा आहे. पण मला वाटतं औषधांच्या मागे लागण्याआधी सकारात्मक विचार, नामस्मरण, घरातलं हसतंखेळतं वातावरण याने बराच फरक पडतो. आधीच इतक्या गोळ्या, त्यात मनाच्या गोळ्यांची भर कशाला?

दुसरा_डाव

मार्गस्थ, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं. पण हेच वाक्य मी वर्षभर ऐकलं आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ मला 'तू कमी पडतोयस' असा लागला. मेंदूतला जो भाग उभारी देतो त्यालाच मार बसलेला असताना उभारी धर म्हणणं म्हणजे मोडलेल्या पायाला पळ म्हणणं आहे. नामस्मरणाने शांत वाटत असेल तर अवश्य करावं. उपचारांच्या जागी नको.

शतपावली

गोळ्यांची शंका रास्त आहे, म्हणून तिचं सरळ उत्तर देते.

२०११ साली फ्रान्समधल्या 'फ्लेम' नावाच्या चाचणीत ११८ पेशंट होते. फ्लुओक्सेटिन ही डिप्रेशनची गोळी दिलेल्यांच्या हातापायांतली ताकद जास्त सुधारल्याचं त्यात दिसलं. त्यानंतर डिप्रेशन नसलं तरी ही गोळी देऊन टाकावी, अशी लाट आली. मग ब्रिटनमध्ये 'फोकस' नावाची मोठी चाचणी झाली, ३१२७ पेशंट, रोज २० मिलिग्रॅम, ६ महिने. निकाल २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. चालणं-फिरणं, स्वावलंबन यात काहीही फरक नाही. नव्याने डिप्रेशन होण्याचं प्रमाण कमी झालं, १७ टक्क्यांवरून १३ टक्के. पण हाड मोडण्याचं प्रमाण दीड टक्क्यावरून जवळजवळ तीन टक्क्यांवर गेलं. म्हणून आता सरसकट सगळ्यांना गोळी देत नाहीत. ज्याला डिप्रेशन आहे त्याला मात्र द्यावी लागते, आणि त्याला ती न देणं हाही धोकाच आहे. मन खचलेला माणूस फिजिओ सोडतो, बीपीची गोळी चुकवतो.

काळजी कसली घ्यायची? या गटातल्या गोळ्यांनी रक्तस्रावाची शक्यता थोडी वाढते आणि तुमचा माणूस रक्त पातळ करण्याच्या गोळीवर असतो. वयस्करांमध्ये सोडियम उतरू शकतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपैकी क्लोपिडोग्रेलचा परिणाम फ्लुओक्सेटिनमुळे कमी होऊ शकतो आणि वॉरफरिनचा वाढू शकतो. तेव्हा न्यूरोच्या डॉक्टरांचा पूर्ण कागद दाखवल्याशिवाय गोळी सुरू करू नका, आणि एकदा सुरू झाली की बरं वाटलं म्हणून परस्पर बंदही करू नका.

सुलेखा_वाचनवेडी

एक भर घालते, कारण आमचं घर यात मोडता मोडता राहिलं. स्ट्रोकनंतर आईला फिट आली म्हणून लेव्हेटिरासिटाम सुरू झालं. तीन आठवड्यांत आमची शांत आई अंगावर धावून यायला लागली, वस्तू फेकायला लागली. आम्ही म्हणत होतो स्ट्रोकने स्वभाव बदलला. एका तरुण डॉक्टरने गोळ्यांची यादी बघून विचारलं, हा राग फिट यायच्या आधीचा की या गोळीनंतरचा? चिडचिड आणि उदासी हा त्या गोळीचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. त्यांनी हळूहळू दुसरी गोळी बसवली आणि महिन्याभरात आई परत आली. तुम्ही आपल्या मनाने बंद करू नका, फिट उलटते. पण तारखा लिहून ठेवा. कुठली गोळी कधी, वागणं कधी बदललं.

पाऊलवाट

मी फिजिओथेरपिस्ट. 'सहकार्य कमी' हा शेरा वाचून वाईट वाटलं, कारण सुरुवातीच्या काळात मीही तो लिहिलाय.

ॲपथी असलेल्या माणसाला 'करायचं का?' असं विचारायचं नाही. उत्तर 'नको' किंवा 'नंतर' येणार, कारण ठरवणं हेच त्याला जड आहे. त्याऐवजी वस्तू हातात द्यायची. ताई, 'बाबा, घड्याळ बघता का?' नको. घड्याळ भिंतीवरून काढा, टेबलावर पालथं ठेवा, पेचकस उजव्या हातात द्या आणि म्हणा, "हे झाकण धरून ठेवते, तुम्ही फिरवा." रोज ठरलेल्या वेळी, पाच-दहा मिनिटं. थकले की तिथेच थांबायचं. डाव्या हाताने फक्त घड्याळ दाबून धरलं तरी माझ्या दृष्टीने तो व्यायाम झाला. पूर्ण दुरुस्त व्हायची वाट बघू नका.

हेमंत_ऋतू

उजव्या-डाव्या बाजूवरून डिप्रेशन येणार की नाही हे ठरतं का? कुठेतरी वाचलं होतं डाव्या बाजूच्या पुढच्या भागाला इजा झाली की हमखास येतं.

शतपावली

तसा समज बरीच वर्षं होता. २००० साली लॅन्सेटमध्येच आलेल्या एका एकत्रित अभ्यासात त्याला आधार सापडला नाही. पूर्वी कधी डिप्रेशन झालंय का, अपंगत्व किती, घरात आधार किती, याचा वाटा जास्त. उजव्या बाजूचा स्ट्रोक म्हणून निर्धास्त राहू नये.

केवड्याचं_पान

पानगळ, तू आईबद्दल काहीच लिहिलं नाहीस. सात महिने रात्री कोण उठतं बाबांसाठी?

पानगळ

आई.

खरं सांगते, हा प्रश्न वाचून फोन बाजूला ठेवला. तिच्याबद्दल लिहायचं सुचलंच नाही.

शतपावली

स्ट्रोकच्या पेशंटची काळजी घेणाऱ्यांपैकी १० पैकी ४ जणांमध्ये डिप्रेशनची लक्षणं सापडतात, म्हणजे पेशंटपेक्षा कमी नाहीत. भेटीला आईंना बरोबर न्या आणि त्यांच्यासाठीही वेगळा वेळ मागा.

एक अवघड गोष्टही सांगून ठेवते. स्ट्रोकनंतर आत्महत्येचा धोका सर्वसाधारण लोकांच्या जवळजवळ दुप्पट असतो, पहिली दोन वर्षं जास्त. बाबांना आणि आईंना, दोघांनाही सरळ शब्दांत विचारा, 'जगणं नको वाटतं का? जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून हायसं वाटतं. उत्तर हो आलं तर त्यांना एकटं ठेवायचं नाही, गोळ्यांचा डबा आपल्या ताब्यात घ्यायचा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.

पानगळ

काल जाऊन आलो. लांबलचक लिहिते, सगळ्यांनी एवढं लिहिलंत म्हणून.

बाबांना दोन्ही आहे असं डॉक्टर म्हणाल्या. रडणं हसणं ते इमोशनॅलिझम, आणि बाकी मुख्यतः ॲपथी. सोडियम ठीक आहे, बी-१२ कमी निघालं. बाबा क्लोपिडोग्रेलवर आहेत म्हणून गोळी निवडताना त्यांनी न्यूरोच्या डॉक्टरांना फोन केला, सर्ट्रालिन ही त्याच गटातली गोळी कमी डोसने सुरू केलीय. 'तुमचं रडणं मेंदूतून येतंय, तुमच्या मनाचा दुबळेपणा नाही' हे त्यांनी बाबांकडे बघून सांगितलं, आमच्याकडे नाही. बाबा म्हणाले, "हिला पण सांगा." हिला म्हणजे मला.

पाऊलवाट, घड्याळ आज टेबलावर ठेवलं. चार मिनिटं बसले. झाकण उघडलं नाही.

मग आईला आत बोलावलं. ती म्हणाली, मला काय झालंय, मी धडधाकट आहे. डॉक्टरांनी तेच ९ प्रश्न तिला विचारले. आठ प्रश्नांना आईने भराभर उत्तरं दिली, जणू भाजीचा हिशेब. नवव्याला, मेलेलं बरं असं वाटतं का या प्रश्नाला, ती थांबली. हातातल्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली. मग म्हणाली, "रात्री तिसऱ्यांदा उठले ना, की वाटतं आता सकाळ होऊच नये." मी शेजारीच बसले होते.

डॉक्टरांनी मला बाहेर बसायला सांगून तिच्याशी अर्धा तास एकटीशी बोलणं केलं. जिवाला काही करून घ्यायचा विचार नाही, असं आईने त्यांना स्पष्ट सांगितलंय, तरी आठवड्याने पुन्हा बोलावलंय. गोळ्यांचा डबा माझ्या खोलीत आणलाय. रात्री एक आड एक मी उठणार, आणि रविवारी दादा येऊन आठ दिवस राहणार आहे. बाबांना उठवायचं कसं, पलंगावरून व्हीलचेअरवर घ्यायचं कसं, हे त्याला दाखवायला हवं. पाऊलवाट, डावा खांदा न ओढता उठवायची पद्धत लिहाल का? आई तर त्यांना काखेत हात घालूनच उचलते.

पाऊलवाट

काखेत हात अजिबात नको, लुळ्या बाजूचा खांदा निखळतो. आधी त्यांना पलंगाच्या कडेला आणा, दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले, टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे. व्हीलचेअर उजव्या, म्हणजे चांगल्या बाजूला लावा, ब्रेक लावलेला, पाय ठेवायचे पायटे बाजूला केलेले. दादांनी समोर उभं राहून आपल्या गुडघ्याने त्यांच्या डाव्या गुडघ्याला आधार द्यायचा आणि दोन्ही हात कमरेच्या मागे पट्ट्याला धरायचे. मग बाबांना पुढे वाकायला सांगायचं, 'नाक माझ्या खांद्याकडे आणा' म्हणायचं, आणि तीन मोजून एकत्र उठायचं. पहिल्या दिवशी तुम्ही मागे उभ्या राहा. तुमच्या फिजिओकडून एकदा समोर करून दाखवून घ्या, आणि आईंनाही तेव्हा तिथे बसवा. बघायला, उचलायला नाही.